मालगाडी पुढं आणि पॅसेंजर लूपमध्ये, असं का होतं?

बाभुळगाव तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. ते धामणगावहून पॅसेंजरनं वर्धा-नागपूरला जातात. गाडी मधल्याच एखाद्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी राहते, आणि मेन लाइनवरून कोळशाची मालगाडी धडधडत निघून जाते. त्यांचे आजोबा धामणगावच्या मालधक्क्यावरून एक-एक वाघीण, म्हणजे मालडबा, भरून माल पाठवायचे. आज ह्यांना तूर किंवा कापसाच्या गाठी पाठवायच्या असतील तर रेल्वे विचारतही नाही. मालगाड्यांनी आपली रेल्वे बळकावली काय, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, मी स्टेशन मास्तर म्हणून नोकरीला लागलो आणि पुढं सेक्शन कंट्रोलर झालो. पॅसेंजर लूपला घ्या, असं फोनवरून सांगण्याचं कामच माझं होतं. तेव्हा हे आतून कसं दिसतं ते सांगतो.

कंट्रोलरच्या समोर एक तक्ता असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं. बडनेरा, टिमटाळा, मालखेड, चांदूर, दीपोरी, धामणगाव, तळणी, पुलगाव असं करत वर्ध्यापर्यंत. प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी जितकी वेगात तितकी रेघ खडी, जितकी हळू तितकी आडवी. पूर्वी हे कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढायचो, आता संगणकावर उमटतं. पण डोकं तेच लावावं लागतं. त्या कागदावर एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. सगळ्या रेघा सारख्या तिरप्या असल्या, तर एकीमागं एक भरपूर बसतात. सुपरफास्टची खडी रेघ, मालगाडीची मधली आणि ठेसन-ठेसन थांबणाऱ्या पॅसेंजरची आडवी रेघ एकाच कागदावर आली, की त्या एकमेकींना छेदायला लागतात. आणि जिथं छेदतात तिथं कुणीतरी एकानं बाजूला उभं राहायलाच पाहिजे, कारण रुळावर ओव्हरटेक करता येत नाही. ती बाजू म्हणजे लूप लाइन.

दोन स्टेशनांमधल्या तुकड्याला आम्ही ब्लॉक सेक्शन म्हणतो. जुन्या पद्धतीच्या सिग्नलवर अशा तुकड्यात एका मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडता येते. पुढच्या मास्तरानं ‘लाइन क्लिअर’, म्हणजे वाट मोकळी असल्याचा निरोप, दिल्याशिवाय मागच्याला गाडी सोडायचा सिग्नल देता येत नाही. आठ-दहा किलोमीटरच्या तुकड्यात मालगाडी शिरली, की ती बाहेर पडेपर्यंत मागच्या सगळ्या गाड्या थांबून. मधल्या टप्प्यावर जादा सिग्नल टाकले किंवा स्वयंचलित सिग्नल आले तर एकामागं एक गाड्या जवळून सोडता येतात. पण रूळ दोनच, एक जायचा, एक यायचा.

आता तुमच्या डोळ्यांसमोरून जाणारी ती कोळशाची मालगाडी घ्या. उघड्या ५८ वाघिणी, लांबी इंजिन धरून साडेसहाशे मीटरच्या आसपास. भरलेला कोळसा साडेतीन ते चार हजार टन, वाघिणींचं स्वतःचं वजन धरलं तर सगळी गाडी ५ हजार टनांच्या घरात. तिला लूपला घ्यायचं म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावरून ताशी १५ नाहीतर ३० किलोमीटरच्या वेगानं हळूहळू आत आणायची, शेवटची वाघीण आत येईपर्यंत मेन लाइन अडलेली. निघताना पहिल्या वाघिणीपासून शेवटच्या गार्डच्या डब्यापर्यंत ब्रेकच्या नळीत हवा पुन्हा भरावी लागते, सगळे ब्रेक सुटले की इंजिन जोर लावतं, आणि पूर्ण वेग धरायला तिला कित्येक किलोमीटर लागतात. चढावर थांबवली तर आणखी वेळ. उलट तुमची पॅसेंजर, त्यातही ती मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवरची गाडी, असेल तर, थांबते पटकन आणि सुटते पटकन. मग कंट्रोलर काय करतो? जिला थांबवल्यानं सगळ्या सेक्शनचा कमी वेळ वाया जातो, तिला थांबवतो. गणित म्हणून ते बरोबर आहे.

पण ते गणित कुणाच्या वेळेवर मांडलं जातं, हा खरा प्रश्न आहे, आणि इथं मला रेल्वेचं कधीच पटलं नाही. नियमानं क्रम ठरलेला आहे: अपघात मदत गाडी सगळ्यांच्या आधी, मग राजधानी, वंदे भारत, सुपरफास्ट, मेल-एक्सप्रेस, मग पॅसेंजर आणि शेवटी मालगाडी. कागदावर पॅसेंजर मालगाडीच्या वर आहे. प्रत्यक्षात एक्सप्रेस पाच मिनिटं अडली तर वरून फोन येतो, पॅसेंजर पाऊण तास अडली तर कुणी विचारत नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रवाशाला दिसत नाही. गाडी वेळेवर आली की नाही हे वर्षानुवर्षं तिच्या शेवटच्या स्टेशनावर मोजलं गेलं. म्हणून वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जादा मिनिटं राखलेली असतात. गाडी धामणगावला पाऊण तास उशिरा, पुलगावला पाऊण तास उशिरा, आणि शेवटच्या ठिकाणी मात्र ‘वेळेवर’. शहरातल्याला गाडी वेळेत मिळते. मधल्या गावातली मजूर बाई, कॉलेजचा पोरगा, तहसिलीत तारीख असलेला शेतकरी, ह्यांचा उशीर कुठंच नोंदला जात नाही. मोजलं जात नाही ते सुधारतही नाही.

तुमची गाडी धामणगावला अडते, त्याचं मूळ बहुतेक वेळा धामणगावला नसतंच. नकाशा काढा. देशाच्या दोन मोठ्या वाटा, हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई, आपल्या नागपुरात एकमेकींना भेटतात. नागपूर ते वर्धा-सेवाग्राम या जेमतेम ८० किलोमीटरमध्ये दोन्ही वाटांच्या गाड्या एकाच मार्गावर चालतात. सेवाग्रामहून एक वाट हिंगणघाट, माजरी, बल्लारशाकडं खाली जाते, दुसरी पुलगाव, धामणगाव, बडनेरा करत मुंबईकडं. त्यात वणी, घुग्घुस, माजरी, चंद्रपूर भागातल्या खाणींचा कोळसा सेवाग्रामला येऊन पश्चिमेकडं वळतो, पारसला, भुसावळला, नाशिकला. म्हणजे उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि कोळसा, सगळं एकाच बोळातून. नागपूरकडं तुंबलं की वर्ध्याच्या अलीकडची सगळी लूप भरतात, मग पुलगावची, मग तुमची. पॅसेंजरला फलाट मोकळा मिळत नाही म्हणून ती मागच्या स्टेशनात उभी. तुम्हाला समोरून जाणारी मालगाडी दिसते. वर्ध्याच्या पलीकडची गर्दी दिसत नाही.

कोळशाला एवढं काय सोनं लागलंय, असंही तुमच्या मनात येत असेल. अकोला जिल्ह्यातलं पारसचं वीज केंद्र ५०० मेगावॅटचं. पूर्ण भारावर चाललं तर त्याला रोज साधारण दोन मालगाड्या कोळसा लागतो. एक मालगाडी म्हणजे रस्त्यावरचे दीडशे ट्रक. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा यांचा हिशेब याच्या कितीतरी पुढं. २०२२ च्या एप्रिलमध्ये वीज केंद्रांकडचा साठा खाली गेला तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी देशभरात शेकडो पॅसेंजर-एक्सप्रेस फेऱ्या रद्द झाल्या, आणि आपल्या पूर्व विदर्भातल्या लोकांनी ते चांगलंच सोसलं. राजनांदगावकडच्या लोकांनी त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘सुपर वासुकी’ही पाहिली: पाच मालगाड्या एकमेकींना जोडून केलेली २९५ वाघिणींची, साडेतीन किलोमीटर लांबीची गाडी, कोरब्याहून राजनांदगावपर्यंत २७ हजार टन कोळसा घेऊन. असली गाडी लूपमध्ये मावतच नाही, त्यामुळं ती निघाली की बाकीच्यांनी वाट सोडायची.

आणि पैसा. रेल्वेच्या कमाईतल्या दर १०० रुपयांपैकी ६५ च्या आसपास मालवाहतुकीतून येतात, आणि मालातला जवळपास निम्मा कोळसा आहे. प्रवासी तिकिटातून प्रवासाचा खर्चही निघत नाही. मध्यंतरी तिकिटावरच छापलेलं असायचं की खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. तुमचं १०-२० रुपयांचं पॅसेंजरचं तिकीट त्या कोळशाच्या भाड्यावर टिकून आहे. कोरोनाच्या काळात पॅसेंजरला ‘स्पेशल’ म्हणून एक्सप्रेसचं भाडं लागलं, कमीत कमी ३० रुपये. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा १० वर आलं. मधल्या वर्षांत गरीब माणसानं केवढा भुर्दंड भरला हे मी आमच्याच स्टेशनाच्या खिडकीवर पाहिलं आहे. तेव्हा मालगाडी हटली पाहिजे अशी मागणी केली, तर ती शेवटी आपल्याच तिकिटावर येईल. अमेरिकेत उलटं आहे: रूळ मालवाहू कंपन्यांचे, आणि १९७१ पासून प्रवासी गाड्या चालवणारी अ‍ॅमट्रॅक बहुतेक ठिकाणी त्यांच्या रुळांवरून पाहुण्यासारखी चालते. तिथंही प्रवासी लूपमध्ये खोळंबतात. मोठा देश, लांब पल्ला आणि एकच रूळ म्हटलं की हा ताण कुठंही येतोच. तो कमी करायचा तर रूळ वाढवावे लागतात, किंवा मालाला वेगळा रूळ द्यावा लागतो. लुधियाना ते सोननगर आणि दादरी ते मुंबईजवळचं जेएनपीटी बंदर असे दोन स्वतंत्र मालवाहू मार्ग त्यासाठीच हाती घेतले. आपल्या वाटेवरचा पूर्व-पश्चिम मालवाहू मार्ग मात्र आराखड्यातच फिरत राहिला.

आता आजोबांची वाघीण.

त्या काळी शेतकरी, अडत्या, जिनवाला कुणीही एक वाघीण मागू शकत होता. हुंडेकरी, म्हणजे माल पाठवून देणारा दलाल, बिल्टी करून द्यायचा. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी एक मालगाडी यायची, तिचं इंजिन मालधक्क्यावर शंटिंग करून भरलेली वाघीण ओढून घ्यायचं, रिकामी ठेवून जायचं. पुढं ती वाघीण भुसावळसारख्या मोठ्या यार्डात, तिथं दिशेप्रमाणं लावणी, मग दुसरं यार्ड, तिसरं यार्ड. आजोबांना ते सोयीचं वाटायचं, आणि होतंही. पण वाघीण चालण्यापेक्षा उभीच जास्त असायची. एकदा भरल्यापासून पुन्हा भरायला मिळेपर्यंत सरासरी १५ दिवस जात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेनं ठरवलं की सुटी वाघीण बंद, भरायची तर पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, आणि ती निघालेल्या जागेपासून उतरायच्या जागेपर्यंत न तोडता न्यायची. तो फेरा पुढं पाच दिवसांच्या आसपास आला. तेवढ्याच वाघिणींतून तिप्पट काम. देशाला ते आवश्यक होतं, यात मला शंका नाही.

किंमत मोजली ती लहान स्टेशनांनी. मालधक्का ओस पडला, शंटिंगची लाइन उखडली, सांधेवाला गेला, हुंडेकरी ट्रकच्या धंद्यात गेला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या मालाचा मोठा हिस्सा रुळावर होता. आज तो पाव हिश्श्याच्या आसपास आहे. राष्ट्रीय रेल्वे आराखड्यानं तो २७ टक्क्यांच्या आसपास धरून २०३० पर्यंत ४५ वर न्यायचं ठरवलं आहे. कोळसा, लोखंडाचं खनिज, सिमेंट यांनी तो ४५ वर जाणार नाही, ते आधीच रुळावर आहेत. तो वाढेल तर लहान लोकांच्या मालानंच वाढेल, आणि त्यांच्यासाठी दार लावलेलं आहे. यवतमाळ जिल्ह्याचं तर दुखणं जुनं. इंग्रजांच्या काळी कापूस मुर्तिजापूरला आणण्यासाठी यवतमाळपर्यंत अडीच फुटी रुळाची शकुंतला घातली, ती ११३ किलोमीटरची वाट आता बंद आहे. मोठी लाइन जिल्ह्याच्या गावाला अजून पोचायची आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला, एवढंच.

तरी धामणगावच्या मालधक्क्याला जाऊन बघा, म्हणजे रेल्वेला काय जमतं ते दिसेल. पेरणीच्या आधी खताची रेक लागते. बंद वाघिणींची गाडी, साधारण २,६०० टन युरिया, म्हणजे ४५ किलोची जवळपास ५८ हजार पोती. वाघिणींची दारं एकदम उघडतात, फळ्या टाकल्या जातात, हमाल पाठीवर पोतं घेऊन थेट ट्रकमध्ये. रात्र असो की पाऊस, ठरलेल्या तासांत गाडी रिकामी झाली नाही तर वाघिणीमागं तासाला विलंब आकार चढतो. यवतमाळचा बराचसा जिल्हा त्या खतावर पेरतो. आणि मग ती सगळी गाडी रिकामी निघून जाते. मला त्या रिकाम्या वाघिणींकडं बघून नेहमी वाटायचं की त्यात इथलं काहीतरी जायला हवं.

काय जाऊ शकतं, याचा विचार मात्र नीट करावा लागतो. तुरीसाठी रेल्वे मागू नका. तूर अकोल्याच्या डाळ मिलला किंवा नागपूरला जाते, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तेवढ्या अंतरात ट्रक शेतातून उचलतो आणि मिलच्या दारात टाकतो. रेल्वेला दोन्ही टोकांना ट्रक लागतोच, दोनदा हमाली. तीन-चारशे किलोमीटरच्या आत रेल्वे परवडणं कठीण. गाठींचं वेगळं. आपल्या जिनमधल्या गाठी पार तमिळनाडूच्या सूत गिरण्यांपर्यंत जातात, हजार किलोमीटरच्या वर. तिथं रेल्वेचं भाडं ट्रकपेक्षा कमी बसू शकतं. पूर्ण रेक नको असेल तर २० वाघिणींची मिनी रेक मागता येते. तेही एका जिनचं काम नाही, पण बाभुळगाव, कळंब, धामणगावच्या चार-सहा जिनवाल्यांनी आणि शेतकरी कंपन्यांनी एकत्र येऊन नक्कीच होईल. दुसरी वाट कंटेनरची. २५ टनांचा कंटेनर म्हणजे १७० किलोच्या दीडशेच्या आसपास गाठी. नागपूरच्या कंटेनर डेपोतून वेगवेगळ्या लोकांचे कंटेनर एका गाडीवर चढतात. आजोबांच्या सुट्या वाघिणीची जागा घेणारं आज काही असेल, तर ते हेच आहे.

संत्र्यांचा अनुभवही लक्षात ठेवा. २०२० मध्ये किसान रेल्वे आली, वरुड-नरखेड भागातली संत्री दिल्लीकडं जायला लागली, फळ-भाजीच्या भाड्यावर ५० टक्के अनुदान होतं. संत्र्याचा ट्रक वाटेत अडला तर फळ सडतं, म्हणून लोकांना ती गाडी मनापासून आवडली होती. अनुदान थांबलं आणि गाडी विरळ होत गेली. नुसत्या सवलतीवर उभी राहिलेली गाडी टिकत नाही, तिला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते. व्यापारी आपला धंदा त्या वेळेवर बांधतो. आंबिया बहाराच्या तोडणीत आठवड्याला दोन दिवस नक्की, एवढं जरी रेल्वेनं लिहून दिलं असतं तर ती गाडी भरली असती, असं मला आजही वाटतं.

आता मागायचं काय? एक्सप्रेसचा आणखी एक थांबा मागण्यात आपली सगळी ताकद जाते. थांबा मिळतो, फलकाला हार पडतो, आणि पॅसेंजर तशीच लूपमध्ये. त्यापेक्षा वर्धा-भुसावळ तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाच्या मागं लागा. ३१४ किलोमीटरच्या या कामाला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरणही मंजूर झालं. मंजुरी आणि रूळ यांच्यात जमीन संपादन, पूल आणि पैशाचे हप्ते असतात, तिथं जनतेचा रेटा लागतो. आणि रेल्वेला आत्ताच लेखी विचारा, की चार मार्ग झाल्यावर त्यातल्या एका जोडीवर पॅसेंजर-मेमूला ठराविक वेळा राखून ठेवणार का. हे विचारलं नाही, तर नव्या रुळांवर आणखी कोळसा आणि आणखी सुपरफास्ट येतील, पॅसेंजरचं काही बदलणार नाही.

सर्वेवाले गावात येतील तेव्हा फाटकाकडं लक्ष ठेवा. मार्ग वाढले की फाटक बंद करून खालून बोगदा देतात. ठिकाण खोलगट असेल तर आपल्या काळ्या मातीत पावसाळाभर त्यात पाणी साचतं, आणि ऐन डवरणीच्या दिवसांत बैलजोडी पलीकडच्या वावरात जात नाही. पाण्याचा निचरा कुठं काढणार हे नकाशावर दाखवल्याशिवाय ग्रामसभेनं ना हरकत देऊ नये.

पॅसेंजरच्या उशिराबद्दल विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या सदस्याला गाठा. धामणगाव नागपूर विभागात येतं, बडनेरा भुसावळ विभागात, हे पत्र लिहिताना ध्यानात असू द्या, नाहीतर पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं. ‘गाडी नेहमी लेट असते’ असं लिहू नका. महिनाभर रोज धामणगाव आणि पुलगावची आगमनाची वेळ लिहून काढा आणि मधल्या स्टेशनांवरचा वक्तशीरपणा मोजा, अशी मागणी त्या तक्त्यासह करा. आकडा समोर ठेवला की अधिकाऱ्याला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागतं.

गाठींसाठी विभागाच्या व्यवसाय विकास कक्षाकडं जा. २०२० पासून प्रत्येक विभागात तो आहे. गाडी ज्या दिशेनं नेहमी रिकामी जाते, त्या दिशेच्या मालाला भाड्यात सूट देण्याची रेल्वेची योजना आहे. रब्बीच्या खताच्या रेक लागतात तेव्हाच जिनिंगचा हंगाम सुरू झालेला असतो. त्या दिवसांत धामणगावहून रिकाम्या परतणाऱ्या बंद वाघिणी कुठल्या दिशेनं जातात, हे आधी मालधक्क्यावरच्या गुड्स क्लार्कला विचारा, आणि दसऱ्याच्या आधी अर्ज द्या. गाठी बांधून झाल्यावर गेलात तर वाघिणी दुसरीकडं लागलेल्या असतील.